शहात्तर नंबरचा निळा

टिक् टिक् टिक् टिक्.

दुपारच्या गपगार घरात तो आवाज उठला आणि अनुपमाने लॅपटॉपवरून मान वर केली. आतल्या खोलीत सहा वर्षांची निधी पालथी झोपली होती. सासूबाई सोफ्यावर कलंडल्या होत्या, चष्मा कपाळावर तसाच. आणि गॅलरीत तिचे सासरे, राजाराम मेस्त्री, रंगाची बाटली हलवत होते. बाटलीत त्यांनी बेअरिंगचा एक छर्रा टाकून ठेवला होता. तो काचेवर वाजला की रंग मिसळला जातोय हे अख्ख्या घराला कळायचं, शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी कळते तसं.

"अनू, जागी आसस मा गो?"

"आले बाबा."

मुलुंडच्या त्या नवव्या मजल्यावरच्या गॅलरीला आता गॅलरी म्हणणं धाडसाचंच होतं. सरकत्या काचा, खाली टेबल, टेबलावर दिवा, भिंग, कान तुटलेल्या कपात खोचलेले ब्रश, आणि भिंतीवरच्या काचेच्या कपाटात विमानं. तळहातावर मावतील एवढी, पण दाराचा स्क्रूसुद्धा जागच्या जागी असलेली.

राजाराम मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये डायमेकर होते. जन्म लोखंडाचे साचे घासण्यात गेला. तरुणपणी कधीतरी मालकाच्या मुलाने अर्धवट जोडून कंटाळून टाकलेलं एक किट त्यांच्या हाताला लागलं. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनांचं लढाऊ विमान, मेसरश्मिट. सोबतच्या कागदावर रंगांची नावं नव्हती, नुसते नंबर होते. वरच्या अंगाला चौऱ्याहत्तर आणि पंच्याहत्तर, पोटाला शहात्तर. ज्या माणसाने आयुष्यभर मायक्रोमीटर वाचला त्याला नंबर द्या आणि वर हा नंबर नेमका दिसतो कसा ते कुणालाच धड सांगता येत नाही म्हणून सांगा, मग तो झोपणार कसा? तेव्हापासून त्यांचा जीव त्या नंबरांत अडकला तो अडकलाच. विमान कुणाचं होतं आणि त्याने कुठे काय केलं हे त्यांनी वाचलेलं होतं. म्हणून शेपटीवर जिथे नाझींचं चिन्ह असायचं ती जागा ते कोरी ठेवायचे.

"काका, पण मग ते खरं विमान कसं होणार?" अंधेरीच्या मॉडेल क्लबातली पोरं विचारायची.

"रंग खरो करतंय. ता निशाण माझ्या घरात नको," एवढंच उत्तर.

क्लबात त्यांना कुणी राजारामकाका म्हणतच नसे. शहात्तरकाका. रंगावरून भांडण पेटलं की विमान त्यांच्यासमोर यायचं आणि ते म्हणतील तो निकाल. जानेवारीत क्लबाचं प्रदर्शन होतं, आणि तिथे ठेवायच्या या विमानावर ते दोन वर्षं खपत होते. त्यांच्या मते हे असं पहिलं विमान होणार होतं की ज्याच्या पोटाचा रंग कुणी माईचा लाल नाकारू शकणार नाही. कारण यावेळी त्यांच्याकडे पुरावा होता.

पुरावा अनुपमाने आणला होता. निधी अंगावर पीत होती त्या महिन्यांत उजेड आणि वारा दोन्ही मिळतो म्हणून ती गॅलरीत येऊन बसायची. एक हात पोरीखाली, दुसऱ्यात फोन. "जरा ह्या वाचून दाखव गो, अक्षरां मुंगयेवरी आसत," म्हणत बाबांनी एक दिवस तिला एक जुनं पत्रक दिलं आणि ती यात ओढली गेली. जर्मन मजकूर फोनला विचारून विचारून ती वाचायला लागली. रंगांची भांडणं किती जुनी आणि किती कडू आहेत हे तिला कळलं. फोटो बहुतेक काळे-पांढरे, आणि तेही दगा देणारे. त्या काळच्या एका फिल्ममध्ये पिवळा काळपट उमटतो, दुसरीत पांढरट. "म्हणजे फोटो बघून रंग सांगणारो झूट बोलता," बाबा म्हणायचे. मूळ पत्रा कुठे सापडला तर तो ऐंशी वर्षं मातीत पडून बदललेला. शेवटी ड्रेस्डेनजवळच्या एका गावातल्या निवृत्त मास्तरांशी तिची ओळख निघाली. त्यांच्या शेतात अशाच विमानाचा एक पत्रा सापडला होता, आणि जोडावर जोड चढल्यामुळे आत झाकला गेलेला त्याचा एक कोपरा ऊन-पाणी न लागता कोरा राहिला होता. त्या कोपऱ्याशी जुळवून रंगवलेला पुठ्ठ्याचा तुकडा मास्तरांनी पोस्टाने पाठवला. नखापेक्षा थोडा मोठा. घरात त्याचं नाव पडलं टिकली.

रंगांची नावंही त्या दोघांनी आपली आपण ठेवली होती. पंच्याहत्तर म्हणजे ओली पाटी. चौऱ्याहत्तर म्हणजे विहिरीतलं शेवाळ, सावलीकडचं. शहात्तरला मात्र नाव मिळत नव्हतं. टिकली आली त्या दिवशी अनुपमा म्हणाली, "बाबा, पांढऱ्या सदऱ्याला नीळ घालतात ना, तो सदरा पुढे दोन-तीनदा धुतल्यावर जसा दिसतो, तसा आहे हा." बाबा खूश होऊन सासूबाईंना सांगायला गेले होते.

आता त्यांनी विमान उलटं करून काचेशी धरलं. "पोटार टिकली लाव. आणि सांग, जोड दिसता?"

साच्याचे दोन भाग बसवल्यावर मधली रेघ दिसता कामा नये, हा त्यांचा कारखान्यातला कायदा. अनुपमाने चिमट्याने टिकली उचलून विमानाच्या पोटावर ठेवली.

जोड दिसत होता. नुसता दिसत नव्हता, ओरडत होता. टिकली धुरकट, निळ्याची नुसती आठवण असलेली. आणि पोट अंगणवाडीच्या भिंतीसारखं निळं.

ती बाबांकडे बघायला लागली. त्यांनी तोंड किंचित उघडं ठेवलं होतं, निधी गोष्टीच्या शेवटाला ठेवते तसं.

"काय गो? दिसता?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "एकजीव झालाय."

"होतलोच!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "गेल्या वर्षी तू म्हणी होतंस, जरा जास्त निळो वाटता. फोन बघून बघून तुझे डोळे बिघडलेत. आणि ह्या एलईडीच्या उजेडात दम नाय."

ती हसली आणि लॅपटॉपकडे परत गेली. खरंच आपलेच डोळे बिघडलेत की काय, म्हणून तिने पाण्याचे सपके मारून पाहिले. मग स्वतःलाच म्हणाली, उद्या सांगू. अंगावर काम होतं, निधी उठायची होती, आणि खोटं इतकं लहान होतं की ते कुठेही मावलं असतं.

निधी उठली ती डोळे चोळत थेट गॅलरीत. हा तिचा आणि आजोबांचा रोजचा खेळ.

"आजोबा, मी कोण?"

"तू माझी आये," राजाराम तिची हनुवटी दोन बोटांत धरून म्हणाले. "तोच रंग. भाजलेलो काजूगर. हुबेहूब."

निधीच्या चेहऱ्यावर त्या काजूगराचा असा काही अभिमान पसरला की जणू तो तिने स्वतःच भाजलाय. हॉलमध्ये पणजीचा, म्हणजे राजारामांच्या आईचा, फोटो होता, मालवणच्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला, काळा-पांढरा. कपाळावरचं कुंकूसुद्धा त्यात काळं. आपला फोटो कुणी काढला की निधी आधी त्या फोटोखाली जाऊन उभी राहायची.

दसऱ्याला घरात नेहमीप्रमाणे धांदल होती. द्रौपदीबाई, म्हणजे अनुपमाच्या सासूबाई, हळदी-कुंकवाची वाटी आणि झेंडूचं ताट घेऊन घरभर फिरत होत्या. मिक्सर, शिलाई मशीन, अनुपमाचा नवरा चैतन्य याची स्कूटर, तिचा लॅपटॉप, प्रत्येकाला हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, स्वस्तिक आणि फूल. मग त्या गॅलरीत गेल्या. नवऱ्याची हत्यारं पुजली. ब्रश पुजले. आणि टेबलावर पोट वर करून ठेवलेलं नवंकोरं विमान बघून त्यांना भरून आलं असणार. शेपटीवर छान मोकळी जागाही होती.

राजाराम आंघोळ करून आले आणि घर हादरलं.

"ह्या कोणी केल्यान?"

सगळे धावले. विमानाच्या कोऱ्या शेपटीवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक होतं, चार बाजूंना चार ठिपके देऊन. अनुपमाने ओठ दाताखाली दाबले. चैतन्य पाठ फिरवून खांदे हलवायला लागला. दोन वर्षं ज्या चिन्हाला त्या माणसाने उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं ते त्याच्या बायकोने आतून, ओवाळून, शेपटीवर बसवलं होतं.

"मी काढलंय," द्रौपदीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "स्कूटरक काढलंय, मिक्सराक काढलंय, तुमच्या इमानान काय घोडो मारल्यान?"

"अगो, ह्याच्या शेपटार ताच निशाण होता! त्याच निशाणाखाली तेंनी लाखो माणसां मारली, पोरांटोरांसकट! म्हणान मी ती जागा कोरी ठेवलंय आणि तू—"

"तेंचा तेंका. माझा माका," द्रौपदीबाई म्हणाल्या. "माझी सासू उंबऱ्यार काढी, मी काढतंय. चोरान देवाचा नाव घेतला म्हणान मी देवाचा नाव टाकू?"

ओल्या फडक्याने बाबांनी शेपूट हळूहळू पुसली. मग विमान उलटसुलट करून भिंगाखाली पाहिलं. "गेला सगळा," ते म्हणाले. "नशीब. एक डाग रवलो नाय."

अनुपमाला हसू यायचं थांबलं.

विमानाच्या पोटावर, बरोब्बर मधोमध, हळदीचं बोट होतं. पिवळंजर्द. एखाद्या आंधळ्यालाही सापडेल असं, हे शब्द तिच्या मनात आले आणि ती स्वतःच दचकली. बाबांनी भिंग त्या बोटावरून नेलं, परत आणलं, परत नेलं. तोंडावर समाधान.

"आजोबा, पण ती—" निधीने बोट उचललं.

अनुपमाने तिच्याकडे असं बघितलं की पोरीचं बोट हवेतच राहिलं आणि मग हळूच नाकात गेलं.

त्या संध्याकाळी सोनं वाटायला खाली जाताना जिन्यात तिने चैतन्यला गाठलं. "अरे, बाबांना पिवळं दिसत नाहीये. मोतीबिंदू असणार. निळाही धड दिसत नसेल. तो रंग साफ चुकलाय, आणि त्यांना वाटतंय जुळला."

चैतन्य दोन पायऱ्या खाली थांबला. "किती चुकलाय?"

"वाट लागलीय."

"मग आता नको ना सांगू यार. प्रदर्शन होऊ दे, मग नेऊ डॉक्टरकडे. एवढे खूश आहेत."

"आणि प्रदर्शनात? तिथे सगळे शहात्तरकाकांचं विमान म्हणून भिंग घेऊन येणार. त्यांच्या तोंडावर नाही बोलणार कुणी. वळून हसतील."

"तू सांगशील तर आजच मोडतील. लोक हसतील ते निदान त्यांना कळणार तरी नाही," चैतन्य म्हणाला, आणि त्यालाच ते आवडलं नाही असं दिसलं. "बघ बाई. तुझं ऐकतात ते. मला तर अजून ब्रशला हात लावू देत नाहीत."

अनुपमा दोन रात्री त्यावर कूस बदलत राहिली. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमचे डोळे गेले? दृष्टी अधू झाली तर माणूस चष्मा घालतो, काठी घेतो. पण या माणसाने आयुष्यात एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि ती म्हणजे त्याचे डोळे. त्यांना धक्का न लावता विमान वाचवता आलं तर? तिला एक युक्ती सुचली, आणि वाईट युक्त्या सुचतात तशी ती फार सोपी वाटली.

सकाळी बाबा मासळी आणायला गेले तेव्हा तिने शहात्तरची बाटली उघडली. टिकली समोर ठेवून थोडा पांढरा घातला, काडीच्या टोकाने काळा. ढवळून पुठ्ठ्यावर लावून बघितला. थोडा अजून. निधी दूध पीत शेजारी उभी होती. मिशी आलेली.

"मम्मी, तू काय करतेस?"

"आजोबांना मदत."

"मग त्यांना सांगून का नाही करत?"

"दूध संपव आधी."

बेत असा, की बाबा पोटावर शेवटचा हात मारतील तो या नव्या रंगाचा असेल, हळदही त्याखाली झाकली जाईल, आणि कुणाला काही कळणार नाही. फरक त्यांना दिसणारच नव्हता. हेच तर त्या युक्तीचं मर्म होतं, आणि हेच तिला टोचत होतं.

दुपारी बाटली हलली.

टुक् टुक् टुक्.

आवाज थांबला. पुन्हा, जरा जोरात. टुक् टुक्.

"अनू." हाक मोठी नव्हती. "हय ये."

ती गेली. बाबांनी बाटली कानाशी धरली होती. "छऱ्याचो आवाज बदललो. बाटली भरली म्हणान आवाज बसलो. ह्यात कोणी काय घातल्यान?"

अनुपमा तोंड उघडेपर्यंत मागून निधीने सांगून टाकलं, "मम्मीने. पांढरा आणि थोडासा काळा. तुम्हाला मदत करत होती."

राजारामांनी बाटली खाली ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. "कित्याक?"

"बाबा, तो फार निळा झाला होता."

"टिकली लावलंस तेव्हा एकजीव म्हणालंस."

"खोटं बोलले."

"तुझे डोळे—"

"बाबा." तिने विमानाच्या पोटाकडे बोट केलं. "दसऱ्याची हळद अजून पोटावर आहे. आईंनी बोट लावलेलं. तसंच आहे."

त्यांनी विमान घेतलं. दिव्याखाली नेलं. मग काचेशी, उन्हात. चष्मा काढला, घातला, भिंग लावलं. अंगठ्याने पोट चाचपून बघितलं, जणू डोळ्यांना नाही तर कातडीला तरी कळेल. तोवर द्रौपदीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हाताला बेसन.

"खय गो हळद?" त्यांनी बायकोला विचारलं. आवाजात अजून थोडी आशा होती.

द्रौपदीबाई काहीतरी तिरकस बोलणार होत्या. नवऱ्याचं तोंड बघून त्यांचा स्वर खाली आला. "आसा ती," त्या म्हणाल्या. "हयसून दिसता माका."

राजाराम खुर्चीत बसले. त्यांची नजर काचेच्या कपाटाकडे गेली, वरच्या खणातून खालच्या खणात, जुन्यांवरून नव्यांवर. "ही सगळीच?" त्यांनी विचारलं. "की ह्याच एक?"

वरच्या खणातली विमानं बरोबर होती. खाली येता येता पोटं निळी होत गेली होती, वर्षावर्षाने, हळूहळू, संध्याकाळ होते तशी. अनुपमाला ते आता एका नजरेत दिसत होतं आणि इतकी वर्षं कसं दिसलं नाही हे कळत नव्हतं. तिची नजर खालच्या खणावरच राहिली. तेच उत्तर झालं.

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती सगळ्यात मागे ठेवली.

पुढचे कितीतरी दिवस घरात छर्रा वाजला नाही. दुपार झाली की अनुपमाचे कान आपोआप गॅलरीकडे लागायचे, आणि तिकडे नुसता वरच्या मजल्यावरच्या फरशीचा ड्रिल. बाबा तिच्याशी बोलत होते, मीठ मागत होते, निधीला आणायला कोण जाणार ते विचारत होते. पण "अनू, जागी आसस मा?" ही हाक आली नाही. क्लबातून फोन आला तर म्हणाले, यंदा बघू, तब्येत बरी नाय. चैतन्यने एकदाच तिच्याकडे 'म्हणालो नव्हतो?' असं पाहिलं, आणि तिचे डोळे भरलेले दिसल्यावर गुपचूप डॉक्टरची वेळ घेतली.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते, गप्पिष्ट. "आजोबा, मोतीबिंदू पिकलाय दोन्ही डोळ्यांत. गेली पाच-सहा वर्षं तुम्ही चहाच्या ग्लासातून जग बघताय. तुम्हाला कळणार नाही, कारण हे अगदी सावकाश होतं."

"चाय कडक की अर्धी-अर्धी मारामारी?" बाबांनी विचारलं. इतक्या दिवसांत ती त्यांची पहिली थट्टा होती. अनुपमाने पर्समध्ये रुमाल शोधला.

दिवाळीनंतर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं नंतर महिन्याने करायचं ठरलं. पट्टी निघाली, काळा चष्मा गेला, थेंब घालायचं काम निधीने मोठ्या अधिकाराने अंगावर घेतलं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, असली सगळी बंधनं संपली त्या रविवारी सकाळी बाबा न सांगता गॅलरीत गेले. अनुपमा पोळ्या करत होती. तिने गॅस बारीक केला.

मग एकदम हसण्याचा आवाज. खो खो, खोकला येईपर्यंत.

"अनू! अगो हय ये, हय ये! ह्या बघ! ह्या विमान की मोर?" त्यांनी पोटावर टिकली ठेवली होती. "क्लबात नेलं असतंय तर माझा बारसा परत झाला असता. शहात्तरकाका खयचो, मोरकाका! आणि ही हळद! द्रौपदे, लग्नात तरी एवढी लावलेलंस काय माका?"

"तुमका दिसली नसतली," आतून उत्तर आलं.

अनुपमा पिठाच्या हातांनी दारात उभी होती. बाबांनी मागून शहात्तरची बाटली काढली, झाकण उघडलं, तिने मिसळलेला रंग काडीने पुठ्ठ्यावर ओढला आणि टिकलीशेजारी धरला. डावा डोळा तळहाताने झाकला. बघत राहिले.

"बाटली उघडलंस ता चुकलंस," ते म्हणाले. "सांगून उघडूची होती."

"हो बाबा."

"पण घातलंस ता..." त्यांनी मान कलती केली. "काळो इल्लोसो कमी होयो होतो. बाकी बरोबर. डोळो आसा तुका."

तिला पदवी मिळाली तेव्हासुद्धा तिला असं वाटलं नव्हतं.

"आणि ही?" तिने कपाटाच्या खालच्या खणाकडे बोट केलं. "परत रंगवायची का? मी धरते हवं तर."

राजारामांनी ती निळी निळी विमानं एका डोळ्याने पाहिली, मग दुसऱ्या. "रवांदेत," ते म्हणाले. "ती त्या डोळ्यांची आसत. तेवा ती माका तशीच दिसलली." आणि बाटली उचलून त्यांनी हलवली. टिक् टिक् टिक्.

तो आवाज ऐकून निधी आली. नुकतीच न्हाऊन आलेली, केस टॉवेलात गुंडाळलेले, नाकावर पाणी. इतके दिवस आजोबांच्या डोळ्याला धक्का लागेल म्हणून तिला मांडीवर बसू देत नव्हते. आज ती सरळ चढून बसली, आणि हनुवटी वर करून तिने आपला प्रश्न विचारला.

"आजोबा, मी कोण?"

ते नेहमीसारखे तिची हनुवटी धरून बोलायला गेले आणि थांबले.

सकाळचं ऊन तिच्या तोंडावर सरळ पडलं होतं. बाबा बघत होते. अनुपमाला आधी कळलं नाही, मग कळलं. पोरीचा रंग काही बदलला नव्हता. तो अनुपमाच्या माहेरचा रंग होता, तिच्या भावाचा, जरा तांबूस, ओल्या मातीच्या अंगाने जाणारा. त्यात काजूगराचं पिवळेपण कधी नव्हतंच. ते बाबांच्या डोळ्यात होतं.

राजारामांनी हळूच हात उचलून डावा डोळा झाकला. पाहिलं. मग उजवा झाकला. पाहिलं. पुन्हा डावा. त्यांचे ओठ हलले.

खोटं बोलले असते तर चाललं असतं. कुणी टिकली घेऊन तपासायला येणार नव्हतं. पण रंगाच्या बाबतीत त्या माणसाला ते जमत नव्हतं.

"ह्या डोळ्यान," त्यांनी उजव्या डोळ्याकडे बोट दाखवलं, "तू निधी आसस. माका आजच पयल्यांदा दिसलंस. फार गोड दिसतस." मग तो डोळा झाकून, डाव्याने तिच्याकडे बघत, अगदी हळू म्हणाले, "आणि ह्या डोळ्यान अजून माझी आये."

निधीला हे फारच आवडलं. "दोन दोन मी!" ती ओरडली. तिने त्यांचा हात ओढून एकदा हा डोळा झाकला, एकदा तो. "आता कोण? आता? आता?" आजोबा सांगत गेले, निधी, आये, निधी, आये, आणि हसताना त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोडं येईल.

"डोळ्याक हात लावू नको गो बाय," द्रौपदीबाई आतून ओरडल्या. "अजून एक बाकी आसा. पुढल्या मंगळवारी जावचा आसा डॉक्टरकडे."

निधीचा हात थांबला. ती मांडीवरून उतरली. हॉलमध्ये गेली, पणजीच्या फोटोखाली उभी राहिली, मान वर करून त्या काळ्या कुंकवाकडे बघत. टॉवेल सुटून खांद्यावर आला तरी तिला भान नव्हतं. अनुपमा तिच्यामागे गेली आणि केस पुसायला गुडघ्यांवर बसली. निधी वळली नाही.

"मम्मी," तिने विचारलं, "आजोबांचा तो डोळा पण नवीन केला की मग पणजी कुठे जाणार?"